चार वाट्या पाणी

मित्रांनो, मी एक जुनी जाळीची पेटी आहे. चार पाय, दोन कप्पे, तिन्ही बाजूंना बारीक जाळी आणि दाराला लाकडाची एक फिरकी. तुमच्या घरी फ्रिज असेल, त्यामुळे तुम्ही मला ओळखणार नाही. त्याचा मला राग नाही. पण माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही. मोठी माणसे असले ऐकून घेत नाहीत, त्यांना कुठेतरी जायचे असते. म्हणून तुम्हाला सांगते.

एका सुताराने मला खोक्यांच्या फळ्यांतून घडवले. त्या खोक्यांतून पूर्वी काचसामान आले होते. माझ्या पाठीवर आतल्या बाजूने अजूनही 'ही बाजू वर' अशी अर्धवट पुसलेली अक्षरे आहेत आणि ती चक्क उलटी आहेत. सुताराच्या हे लक्षात आले तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. हिला कुठे वाचता येतंय." येत होते. पण आम्ही लाकडाची जात, तोंडातून ब्र काढत नाही.

मला विकत घेतले एका घड्याळजीने. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. पुढच्या खोलीत त्याचे दुकान, मागच्या खोलीत संसार. त्याची बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काचेच्या नळ्या धुणे, बाटल्या उकळणे, चिठ्ठ्या लावणे हे तिचे काम. गल्लीत तिला सगळे 'बाई' म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. तिने पहिल्याच दिवशी माझ्या चार पायांखाली पितळेच्या चार वाट्या ठेवल्या आणि त्यांत पाणी भरले. पाणी आले की मुंगी थबकते. पायावरून गेल्याशिवाय पेटीवर चढता येत नाही आणि पाणी ओलांडल्याशिवाय पायापर्यंत येता येत नाही. इतके साधे कुलूप जगात दुसरे नसेल.

त्या कुलपाचा मला फार अभिमान होता. माझ्यात दूध असायचे, लोणी असायचे, साखरेचा डबा असायचा. भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघायची, वाटीच्या काठापर्यंत यायची, तिथे घोळका करायची आणि हात हलवत परत जायची. घड्याळजी पाहुण्यांना सांगायचा, "एक वेळ बँकेची तिजोरी फुटेल, पण आमच्या पेटीत मुंगी शिरायची नाही." मग पाहुणे वाकून वाट्या बघायचे. मी नाक वर करून उभी असायचे. अशी चोवीस वर्षे गेली.

मग फ्रिज आला. तो रात्रंदिवस घरघरत असतो तरी त्याचे कौतुक, आणि मी अवाक्षर न काढता उभी राहिले ती गॅलरीत. वाट्या माळ्यावर गेल्या. माझ्यात दुरुस्तीला येऊन तशीच राहून गेलेली घड्याळे ठेवण्यात आली. एकेकाची वेळ निराळी, आणि सगळ्यांचीच चुकीची. वरच्या फळीवर धूळ, खालच्या फळीवर पालीने घातलेली दोन अंडी. माझे दिवस संपले असे मी धरून चालले होते, मित्रांनो. ते तिथेच संपले असते तर बरे झाले असते.

बाई नोकरीतून निवृत्त झाल्या त्यानंतरची ही गोष्ट. एकतीस वर्षे सकाळी नळ्या धुण्याची सवय, घरात बसून त्यांना करमेना. त्या गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारायला जाऊ लागल्या. तिथे साबणाचा एक बंद पडलेला कारखाना होता आणि त्याच्या मागच्या भिंतीवर एक वेल पसरला होता. त्या वेलावर त्यांना एक फुलपाखरू दिसले. अंगठ्याच्या नखाएवढे. पंख मिटले की राखी, उघडले की निळे. ते कोवळ्या शेंड्यावर उतरले, त्याने शेपटी वाकवली आणि उडून गेले. बाईंनी तो शेंडा खुडून घरी आणला आणि नवऱ्याचे भिंग डोळ्याला लावले.

"अहो, हे बघा."

घड्याळजीने बघितले. अंडे मोहरीहूनही लहान, पांढरे, वरून चपटे, आणि त्यावर जाळीसारखी नक्षी. तो बराच वेळ भिंग लावून बसला.

"अगं, हे कोणी कोरलंय?" तो म्हणाला. "एवढं बारीक काम माझ्या बापालाही जमलं नसतं."

बाई ज्यांच्या हाताखाली काम करत त्या सरांना हे कळवले गेले. सरही निवृत्त झालेले. त्यांनी चार पुस्तके चाळली आणि घरी आले. त्या फुलपाखराचे चित्र पुस्तकात होते, लांबलचक नावही होते. पण त्याचे अंडे कसे, अळी कशी, ती काय खाते, कोष कुठे करते, हे कुणी लिहिलेले त्यांना सापडले नाही. त्या जागी नुसते 'माहिती नाही' असे दोन शब्द होते. सर म्हणाले, "बाई, हे कुणी पाहिलेलं दिसत नाही. तुम्ही वही घाला. मी झाडापानांचा माणूस, मला किड्यांतलं काही कळत नाही. पण एक जाणकार आहेत माझ्या ओळखीचे, त्यांना पत्र टाकतो."

बाईंनी वही घातली. आणि त्याच आठवड्यात कारखान्याच्या फाटकावर कागद चिकटला. महिनाअखेर भिंत पाडायची होती, तिथे गोदाम होणार होते. बाई त्या माणसांना जाऊन भेटल्या. ते चांगले बोलले, त्यांनी बसायला खुर्ची दिली, आणि वेलासाठी भिंत ठेवता येत नाही असे सांगितले. तसा दुसरा वेल सरांना एकाच ठिकाणी ठाऊक होता. नदीपलीकडच्या बागेत, याच भिंतीवरची फांदी नेऊन त्यांनी तो पूर्वी लावला होता. पण तिथे हे फुलपाखरू नव्हते. ते इतक्या लांब उडत नाही. सर म्हणाले, "दोन नर आणि दोन माद्या तिथे नेऊन सोडता आल्या, तर वंश टिकेल. नाहीतर या भिंतीबरोबर संपला असं समजा."

म्हणून मला गॅलरीतून आत आणले. घड्याळे बाहेर निघाली. बाईंनी मला सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुतले. घड्याळजीने फाटक्या जाळीला नवी जाळी शिवली, फिरकीला तेल दिले. माळ्यावरून चार वाट्या उतरल्या, चिंच लावून घासल्या गेल्या आणि माझ्या पायांखाली पुन्हा पाणी आले. तुम्हाला काय सांगू, इतक्या वर्षांनी कुणी माझी चौकशी केली होती. माझ्या फळ्या फुगल्या, त्या केवळ पाण्याने नव्हे.

बाई रोज भिंतीपाशी जात आणि डबीतून अंडी आणि बारक्या अळ्या आणत. सगळ्या मिळून त्रेचाळीस जमल्या. आल्यावर त्या नवऱ्याला सांगत, "तिथे नुसता मुंग्यांचा सुळसुळाट आहे हो. एकेका अळीवर तीन तीन बसलेल्या. एकेक झाडून काढली मी." त्यासाठी त्या घड्याळातली धूळ झाडायचा मऊ ब्रश नेत असत. डबीत एकही मुंगी येऊ नये म्हणून पानाची दोन्ही अंगे, देठ, सगळे भिंगाखाली तपासून घेत. मला ते ऐकून बरे वाटायचे. मुंगीच्या बाबतीत आमचे मत जुळत होते.

अळी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे केसाळ, लांबट काहीतरी येईल. ही तशी नव्हती. अंड्याला वरून भोक पाडून ती बाहेर आली तेव्हा धाग्याच्या तुकड्याएवढी होती. मोठी होत गेली तशी चपटी होत गेली, कडेने पसरट, रंगाने पानासारखी हिरवी आणि पाठीवर गुलाबी रेघ. डोके ती आत ओढून घ्यायची, त्यामुळे पुढचे कुठले आणि मागचे कुठले ते ती चालल्याशिवाय कळायचे नाही. कात टाकायची वेळ आली की ती एक दिवस काही खायची नाही, नुसती बसायची. मग जुने कातडे मागे सरकायचे आणि डोक्याचे जुने टोपण गळून पडायचे. बाई ते टोपण घड्याळाच्या काचेवर ठेवून त्यावर तारीख लिहायच्या. काचेवरची सगळ्यात लहान टोपणे धुळीच्या कणासारखी दिसत. ती मोजून त्यांनी वहीत लिहिले की ही अळी तीनदा कात टाकते. हे जगात त्यांनाच पहिल्यांदा कळले असावे, आणि त्या दिवशी त्यांनी शेजारी लाडू नाही पण साखर वाटली. घड्याळजी म्हणाला, "अगं, बारसं झाल्यासारखं करतेस." पण चमचाभर साखर त्यानेही खाल्ली.

दुसऱ्या कातेनंतर एक निराळेच लक्षण दिसले. अळीच्या पाठीवर, मागच्या टोकाजवळ, एक थेंब आला. काचेच्या मण्यासारखा स्वच्छ. बाई घाबरल्या.

"अहो, हिच्या पाठीला पाणी सुटलंय. आजारी तर नाही?"

घड्याळजीने भिंग लावले. तो आयुष्यभर ओलीशी भांडलेला माणूस. घड्याळात ओल शिरली की गंज धरणार हे त्याला पक्के ठाऊक. तो म्हणाला, "साचू देऊ नकोस. टिपून घे."

बाईंनी कापूस उकळला, वाळवला, सुईच्या टोकाला गुंडाळला आणि थेंब टिपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. पुन्हा टिपला. त्रेचाळीस अळ्या, दिवसातून दोनदा. त्या बाईचे हात मी जवळून पाहिले आहेत. इतक्या हलक्या हाताने आईसुद्धा बाळाचे नाक पुसत नसेल. पण सगळ्या अळ्या काही सांगून थेंब काढत नाहीत. कुठे पानाखाली राहून जायचा, कुठे अर्धा टिपला जायचा. सहाव्या दिवशी एका अळीच्या पाठीवर, नेमके त्याच जागी, पांढरी लव दिसली. बुरशी होती. संध्याकाळपर्यंत ती अळी पानावरून गळून पडली. दुसऱ्या दिवशी चार गेल्या.

मग घरात धावपळ उडाली. पाने उकळलेल्या पाण्यातून काढून घ्यायची, फळी पुसायची, डहाळ्या खोचलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलायच्या. बाई हातरुमाल तोंडाला बांधून काम करू लागल्या, आपला श्वास लागायला नको म्हणून. दोघांनी जिवाचे रान केले. आणि रोज सकाळी बाई मेलेल्या अळ्या चिमट्याने उचलून काचेच्या नळीत ठेवत आणि वहीत आकडा लिहीत. अडतीस. एकतीस. बावीस.

याच दिवसांत मुंग्या आल्या. घरच्याच, काळ्या, साध्या. त्यांना कसा कुणास ठाऊक, वास लागला होता. रांग भिंतीवरून उतरली, माझ्या चारी वाट्यांच्या काठांवर येऊन थांबली. रोज यायच्या. मिशा हलवत वर बघायच्या. घड्याळजीने ते बघून पाण्यावर मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. "हिच्या अंगावर आजवर चढल्या नाहीत, आता काय चढतात," तो माझ्याकडे बघून म्हणाला. त्याने मला थोपटले. आत अळ्या मरत होत्या आणि मी मात्र खूश होते. मनात म्हटले, या जा, उभ्या राहा जन्मभर.

एक मुंगी तरीही आत आली. बाटलीतली एक डहाळी वाढून दाराच्या फटीतून बाहेर गेली होती आणि तिचे पान भिंतीला टेकले होते. त्या पुलावरून ती आली. माझी मान खाली गेली. ती वरच्या कप्प्यात, एका पानाखालच्या अळीपाशी पोचली. आता ही चावणार, असे मी म्हणते आहे, तर तिने मिशांनी अळीच्या पाठीवर टकटक केली, हळूच, दारावर करतात तशी. अळीने थेंब काढला. मुंगीने तो पिऊन टाकला, कडेपर्यंत साफ. अळी खातच राहिली. मुंगी तिच्या अंगावरून इकडून तिकडे फिरली, पुन्हा टकटक, पुन्हा थेंब. दीड दिवस हे चालले. हे सगळे मी एकटीने पाहिले, मित्रांनो, आणि मला त्यात माझी बेअब्रू तेवढी दिसली.

दुसऱ्या दिवशी बाईंना ती मुंगी दिसली. त्यांनी "मेले, माझ्या लेकरांच्या जिवावर उठलीस?" म्हणून ती चिमट्याने उचलली, डहाळी कापली आणि फट कापसाने बुजवली. माझी लाज राखली गेली.

उरलेल्या अळ्याही दहा दिवसांत गेल्या. शेवटी एकच राहिली, तीच, जिच्याकडे मुंगी आली होती. तिची पाठ कोरडी होती. तिने खाणे सोडले, ती आखडली, देठाला चिकटून कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधला आणि दोन दिवसांत कोष झाली. तपकिरी, गुळगुळीत, एखाद्या बीसारखी. बाईंनी वहीत आकडा लिहिला. एक.

त्याच दिवशी सकाळी भिंत पडली. आवाज घरापर्यंत आला. मग खिडकीतून धूळ आली आणि माझ्या जाळीवर बसली. बाईंनी ती पुसली. दुपारी त्या टोकापर्यंत जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी पायांवर पाणी घेतले, पंच्याने पाय पुसले, आणि त्या एवढेच म्हणाल्या, "वेल ढिगाऱ्याखालीच गेला हो. शेंडासुद्धा दिसत नाही."

कोषाचे नऊ दिवस. माझ्या बाजूच्या भिंतीवर ठोके देणारे एक मोठे घड्याळ होते, ते घड्याळजीने बंद करून ठेवले. कोषाला हादरा नको म्हणून. त्या माणसाने आयुष्यात आपल्या हाताने बंद केलेले ते एकच घड्याळ. नवव्या दिवशी कोष काळवंडला, आणि आतून निळे दिसू लागले. दहाव्या दिवशी सकाळच्या चहाच्या वेळी तो फुटला. ओले, चुरगळलेले काहीतरी बाहेर आले, माझ्या जाळीला धरून लटकले आणि हळूहळू उलगडले. बाई आणि घड्याळजी जमिनीवर मांडी घालून बसले होते. चहा गार झाला. इतके निळे मी कधी पाहिले नव्हते.

"एक तर एक," घड्याळजी म्हणाला. बाईंच्या डोळ्यांना पदर होता.

दुपारी सर आले. एका हातात बागेतल्या वेलाची फांदी लावलेली कुंडी, दुसऱ्या हातात पत्र. त्या जाणकाराचे उत्तर उशिरा का होईना, आले होते. सरांनी फुलपाखरू पाहिले, मादी आहे म्हणाले. मग चष्मा पुसत विचारले, "बाई, भिंतीवर अळ्यांपाशी मुंग्या असायच्या का?"

"असायच्या की. चिकार. एकेक झाडून काढायचे मी."

सरांनी पत्राची पुन्हा घडी केली. मग अगदी हळू आवाजात सांगितले, "त्या खात नव्हत्या त्यांना. तो थेंब गोड असतो. मुंग्या तो पितात, म्हणून पाठ स्वच्छ राहते. बदल्यात त्या राखण करतात. मुंगी नसेल तर थेंब साचतो, आणि बुरशी धरते."

बाई उभ्या होत्या त्या माझ्या दाराला धरून खाली बसल्या. "मी पुसत होते, सर," त्या म्हणाल्या. "उकळलेल्या कापसानं."

"मला आधी कळायला हवं होतं," सर म्हणाले.

घड्याळजी माझ्या वाट्यांकडे बघत होता. मला तेव्हा पहिल्यांदा तिथून निघून जावेसे वाटले. पण चार पाय असून पेटीला चालता येत नाही.

कुंडी माझ्यात ठेवली गेली. चार दिवसांनी त्या मादीने कोवळ्या शेंड्यावर एकोणीस अंडी घातली. चपटी, पांढरी, नक्षीची. बाईंनी सरांना विचारले आणि सर म्हणाले, "नराशिवाय घातलेली अंडी आहेत ती, बाई. तुम्हाला ठाऊक आहे." ठाऊक होते. एकतीस वर्षे प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला का ठाऊक नसेल. तरी त्या रोज सकाळी भिंग लावून बसत. चौथ्या दिवशी अंडी उघडायला हवी होती. पाचव्या दिवशीही त्या बसल्या. आठव्या दिवशी अंडी आत दबली, भाकरीचा पापुद्रा बसतो तशी. फुलपाखरू बाराव्या दिवशी खालच्या फळीवर मरून पडलेले सापडले.

त्या दिवशी घड्याळजीने मला एकेका पायाला धरून उचलले आणि चारी वाट्या काढून घेतल्या. पाणी खिडकीबाहेर ओतले, वाट्या कोरड्या पुसल्या आणि मला जमिनीवर तशीच टेकवली.

संध्याकाळी मुंग्या आल्या. माझ्या सबंध आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्या पायांवरून वर चढल्या. मला गुदगुल्या झाल्या, आणि रडू आले. त्या दोन्ही कप्प्यांत फिरल्या, प्रत्येक पानाखाली गेल्या, मिशांनी टकटक करून पाहिले. मग आल्या तशा रांगेने उतरून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

वही सरांकडे गेली आहे. पुस्तकात जिथे 'माहिती नाही' होते तिथे आता सगळी माहिती येईल, अंड्यापासून कोषापर्यंत, दिवसांसकट. शेवटच्या पानावर बाईंनी लिहिले आहे, 'मुंग्या आवश्यक. आम्ही अडवल्या.' मी पुन्हा गॅलरीत आहे, बंद घड्याळांसोबत. ते ठोक्यांचे घड्याळही त्यांतच आहे. ते परत चालू करायला कुणाचा हात गेला नाही.

तर मित्रांनो, तुमच्या हाती कधी काही जपायला आले, एखादे रोप, एखादे पिल्लू, तर दार लावण्याआधी एक करा. बाहेर कोण येऊन उभे राहते आहे, ते बघा, आणि ते कशाला आले आहे हे कुणाला तरी विचारा. मला विचारता येत नव्हते, पण बघता येत होते. मी सगळे बघितले होते. त्या रोज येऊन वर बघत उभ्या राहायच्या, आणि मी हसत होते.